एसीचा डिस्कनेक्ट, "कोड व्हायोलेशन" आणि आमचे २२६१ डॉलर

गेल्या जूनमध्ये झालेलं आता लिहितेय कारण खरं सांगायचं तर इतके दिवस लाज वाटत होती. मी आयटीत, नवरा इंजिनियर (केमिकल, पण तरी), आणि एसी तपासायला एक पंचविशीतला गोड बोलणारा मुलगा येतो काय, तुमच्या एसीचं वीजकाम कोडप्रमाणे (म्हणजे इथल्या वीजकामाच्या नियमांप्रमाणे) नाही म्हणून घाबरवतो काय आणि दोन तासांत २२६१ डॉलर घेऊन जातो काय. इकडे अमेरिकेत, सेंट्रल न्यू जर्सीत, ओळखीच्या अजून दोन घरी अगदी हेच बोलून कोणीतरी घाबरवलंय असं परवा एका डोहाळजेवणात कळलं, म्हणून म्हटलं लिहूनच टाकूया.

तर झालं असं की पोस्टात एक कुपन आलं, एसी ट्यूनअप ६९ डॉलर. आमचा एसी नीट चालत होता, पण सासूबाई जळगावहून आलेल्या, उन्हाळा सुरू होत होता, ऐनवेळी बंद पडायला नको म्हणून मी फोन केला. आई म्हणत होत्या अगं जळगावात ४५ डिग्रीत राहतो आम्ही, मला काय होतंय, पण मीच हौशी.

मुलगा आला, बूट काढून आत आला (आई तिथेच खूश), फिल्टर बघितला, मग मागच्या अंगणात आउटडोअर युनिटपाशी गेला. दहा मिनिटांनी परत आला तो डॉक्टर ऑपरेशन थिएटरमधून बाहेर येतात तसा चेहरा करून. मॅम, हे मी लीगली परत चालू करू शकत नाही. तुमचा डिस्कनेक्ट कोडप्रमाणे नाहीये. आणि युनिटला एक लाल टॅग बांधलेला दाखवला. नंतर कळलं की तो टॅग त्याच्या स्वतःच्याच बॅगेतला, सरकारी वगैरे काही नाही, घरातला एसी बंद ठेवा असा हुकूम द्यायचा अधिकार असल्या माणसाला कुठून असणार. पण त्या क्षणी लाल रंग बघून पोटात गोळा येतोच.

डिस्कनेक्ट म्हणजे काय हे ज्यांना माहीत नाही त्यांच्यासाठी (मलाही नव्हतं). इकडे सेंट्रल एसीचं जे मोठं युनिट घराबाहेर असतं त्याच्या जवळ भिंतीवर एक छोटा राखाडी डब्बा असतो. झाकण उघडलं की आत एक प्लास्टिकचं हँडल, ते खेचून काढलं की युनिटची वीज बंद, बऱ्याच डब्यांत तेच हँडल उलटं करून खोचलं की पण ऑफ. आपल्याकडे स्प्लिट एसीचा स्विच बेडरूममध्येच असतो त्यामुळे हा प्रकार आपल्या डोक्यातच नसतो. इथे ब्रेकर बेसमेंटमध्ये आणि युनिट अंगणात, बाहेर माणूस वायरींत हात घालून बसलाय आणि घरातल्या कोणी खाली जाऊन ब्रेकर चालू केला तर? म्हणून काम करणाऱ्याच्या नजरेसमोर बंद करायची सोय हवी. नियम शहाणपणाचाच आहे.

आणि इथेच त्या मुलाची कमाल आहे. तो धडधडीत खोटं बोललाच नाही, अर्धं खरं बोलला. फोनवर त्याने मला कलम दाखवलं, नॅशनल इलेक्ट्रिकल कोड, ४४०.१४, डिस्कनेक्ट युनिटपासून दिसला पाहिजे आणि पटकन हाताशी आला पाहिजे. म्हणे बघा तुमचा डब्बा युनिटपाशी उभं राहून दिसतो का? दिसत नव्हता, कारण मधे माझं हायड्रेंजियाचं झाड माजलेलं आणि त्याच्यापुढे रिसायकलिंगचे दोन डबे. वर म्हणे डब्यासमोर ३ फूट मोकळी जागा लागते, ती कुठंय? तीही नव्हती. मग फोनवर एका जळून काळ्या झालेल्या डिस्कनेक्टचा फोटो दाखवला, आत तुमचं हे असं व्हायला लागलंय.

आई शेजारी उभ्या होत्या. इंग्रजी त्यांना फार येत नाही पण फोटो बघितला आणि मला म्हणाल्या, अगं याच्यात तर विटांची भिंत आहे, आपली तर प्लास्टिकच्या पट्ट्यांची आहे ना? मी म्हटलं आई थांबा जरा, तो महत्त्वाचं सांगतोय. हे वाक्य मला आयुष्यभर पुरणारे.

कोटेशन टॅबलेटवर आलं. डिस्कनेक्ट नवीन आणि जागा बदलणं ८९०, हेवी ड्यूटी ब्रेकर ३४०, सर्ज प्रोटेक्टर ४५०, परमिट आणि इन्स्पेक्शन ४००, इमर्जन्सी कोड कम्प्लायन्स ३०० (हे म्हणजे काय ते आजतागायत कळलेलं नाही). बेरीज २३८०, पण झेलने (बँक खात्यातून थेट खात्यात पैसे पाठवायची सोय) आत्ता दिलेत तर ५ टक्के कमी. नवऱ्याला फोन केला, तो मीटिंगमध्ये, म्हणाला कोडचं असेल तर करून टाक, नाहीतर उद्या घर विकताना अडकेल. झालं. मी झेल केलं. क्रेडिट कार्डावर असते तर बँकेकडे वाद तरी घालता आला असता, झेल म्हणजे तुम्ही स्वतःच्या हाताने पाठवलेले पैसे, बँकेने सरळ हात वर केले.

दीड तासात काम झालं पण. भिंतीवरच्या जुन्या डब्यातलं हँडल काढून तिथे वायरी नुसत्या जोडल्या आणि नवा चकचकीत डब्बा थेट युनिटच्या अंगावर चार स्क्रूंनी ठोकला. म्हणे आता याच्यापेक्षा जवळ काय असणार. मलाही पटलं हो! परमिटचं विचारलं तर म्हणाला ते ऑफिसमधून ऑनलाइन करतात, इन्स्पेक्टर दोन आठवड्यांत येईल.

कोणी आलं नाही. जुलै गेला. ऑगस्टच्या पहिल्या आठवड्यात एसी नुसता वारा फेकायला लागला, घरात ८३ फॅरेनहाइट. त्या कंपनीचा फोन लागला तर व्हॉइसमेल, मग व्हॉइसमेल भरलेला, मग नंबरच बंद. शेवटी मुलाच्या क्रिकेट कोचिंगमधल्या एका बाबांनी त्यांचा नेहमीचा माणूस दिला, साठीचा, शांत, कमी बोलणारा. त्याने गेज लावलं, म्हणाला गॅस जवळजवळ संपलाय. मग हातातलं डिटेक्टर युनिटभोवती फिरवायला लागला आणि त्या नव्या डब्याच्या खालच्या कोपऱ्याशी ते किर्रर्र वाजलं. साबणाचं पाणी मारलं, बुडबुडे. डब्बा सोडवला, बाजूची जाळी काढली आणि मला बोलावून दाखवलं. चारातला एक स्क्रू जाळीच्या पट्टीमधून आरपार जाऊन मागच्या कॉईलला (ज्या नळ्यांतून गॅस फिरतो) टेकलेला, टोकाभोवती तेलकट काळी धूळ चिकटलेली. गॅसबरोबर कॉम्प्रेसरचं तेल झिरपतं आणि त्याच्यावर धूळ बसते म्हणे, लीक कुठंय ते तेलच सांगतं. त्या कॉईलची नळी पत्र्यापासून जेमतेम बोटभर आत होती. युनिटच्या अंगावर ड्रिल चालवताना आत काय आहे हे माहीत नसेल तर हात लावू नये, एवढंच तो बोलला, बाकी चेहऱ्यावर होतं.

आणि डब्याखालून निघाली नेमप्लेट! म्हणजे युनिटचा तो चंदेरी स्टिकर ज्यावर सगळं लिहिलेलं असतं. जे ४४०.१४ मला फोनवर दाखवलं त्याच कलमात पुढे लिहिलंय की डिस्कनेक्ट युनिटवर बसवला तर चालतो, पण उघडायच्या पॅनेलवर बसवायचा नाही आणि नेमप्लेट झाकायची नाही. पुढचं वाक्य वाचलं असतं तर. मी पण नाही वाचलं म्हणा, त्याने फोन खिशात घातला तेव्हा.

नेमप्लेटवर लिहिलं होतं कमाल ब्रेकर ३० अँपियर. म्हातारबाबा बेसमेंटमध्ये गेले तर पॅनेलमध्ये हेवी ड्यूटीच्या नावाखाली ५० चा बसवलेला. मला वाटत होतं मोठा ब्रेकर म्हणजे जास्त चांगला. उलटं आहे. ब्रेकरचं काम वेळेत पडणं, ५० चा लावला तर आत कॉम्प्रेसरचं काहीतरी बिघडून वायरी तापत राहिल्या तरी तो निवांत बसणार. प्लेटवर दोन आकडे असतात, एक वायर किमान किती अँपियरची हवी आणि दुसरा ब्रेकर कमाल किती, आपल्या घरच्या युनिटचे हे दोन आकडे फोटो काढून ठेवा, आणि दुसरा आकडा बेसमेंटमधल्या ब्रेकरशी ताडून बघा, दोन मिनिटांचं काम आहे. ब्रेकरवरचा आकडा मोठा निघाला तर इलेक्ट्रिशियन बोलवा.

मग टाउनशिपच्या (म्हणजे इथल्या नगरपालिकेच्या) कन्स्ट्रक्शन ऑफिसला फोन केला, अशा कामांची परमिटं तेच देतात. काउंटरवरच्या बाईंनी पत्ता विचारला, टाइप केलं, आणि म्हणाल्या तुमच्या घराच्या नावावर शेवटचं परमिट २०१४ चं, वॉटर हीटरचं. म्हणजे ४०० डॉलर परमिटचे घेतले आणि अर्जच केला नाही. मला सगळ्यात जास्त राग याचा आला. बाकी कामात मूर्खपणा होता असं म्हणता येईल, हे सरळ खिशात हात घालणं आहे.

लायसन्सवाला इलेक्ट्रिशियन आणून परमिट काढून सगळं परत करून घेतलं. डब्बा पुन्हा भिंतीवर जुन्याच जागी, ब्रेकर ३० चा. टाउनशिपचा इलेक्ट्रिकल इन्स्पेक्टर आला तेव्हा मी मुद्दाम बाहेर थांबले आणि विचारलं की आधीचं खरंच व्हायोलेशन होतं का. त्याने टेप काढली. युनिटपासून डब्बा अडीच फूट. म्हणाला कोडमध्ये दिसलं पाहिजे म्हणजे मधे आड नको आणि अंतर ५० फुटांच्या आत, तुमचं अडीच फूट आहे. हाताशी म्हणजे शिडी लागायला नको, काही हलवायला किंवा ओलांडून जायला लागू नये, आणि हँडल जमिनीपासून ६ फूट ७ इंचाच्या वर नको. झाड आणि कचऱ्याचे डबे आड आले ही खरीच अडचण होती, पण त्याच्यावर उपाय, असं म्हणून त्याने दोन बोटांनी कात्रीची खूण केली.

३ फूट मोकळ्या जागेचं पण विचारलं. तोही नियम आहेच, डब्यासमोर ३ फूट खोल आणि ३० इंच रुंद. या छोट्या डब्यांना तो लागू धरायचा का यावर इलेक्ट्रिशियन लोकांत वर्षानुवर्षं वाद आहेत, २०२३ च्या आवृत्तीत तो लागू आहे असं एसीच्या कलमातच स्पष्ट लिहून टाकलं. पण कोड दर ३ वर्षांनी नवा निघतो आणि प्रत्येक राज्य आपापल्या वेळेने स्वीकारतं, जर्सीने २०२० चा कोड २०२२ मध्ये घेतला. आणि नवा कोड आला म्हणून आधी पास झालेलं जुनं काम रातोरात बेकायदेशीर होत नाही. त्यामुळे कोणी दारात येऊन "नवीन कोड आलाय" म्हणाला तर त्याच्याशी वाद घालू नका, फक्त म्हणा थांब, टाउनशिपला फोन करते. ऑफिस दुपारपर्यंत तरी उघडं असतं आणि त्या बाई फार चांगल्या बोलतात.

अजून एक, जे मला आधी माहीत असतं तर वाचले असते. न्यू जर्सीत घराचं ५०० डॉलरच्या वरचं काम लेखी करारावरच लागतं आणि करारावर त्या माणसाचा राज्याचा रजिस्ट्रेशन किंवा लायसन्स नंबर हवा, रजिस्ट्रेशनचा असेल तर तो १३व्हीएच ने सुरू होतो. माझ्या टॅबलेटवाल्या कागदावर नंबरच नव्हता. करार हातात आल्यापासून ३ बिझनेस दिवसांत रद्दही करता येतो, म्हणूनच तर त्याला त्याच दिवशी सगळं उरकायची घाई. आणि हे तर मला वकिलाने सांगितलं तेव्हा कपाळावर हात मारला, की इन्स्पेक्शन लागणारं काम असेल तर इन्स्पेक्शनचा कागद तुमच्या हातात दिल्याशिवाय शेवटचा पैसा मागायचाच नाही असा जर्सीचा नियम आहे. मी तर सगळे आधीच देऊन वर त्याला लिंबू सरबत पण पाजलं.

खर्चाचं सांगायचं तर गॅस आणि कॉईलची दुरुस्ती १४५०, इलेक्ट्रिशियन परमिटसकट ४२०, आणि आधीचे २२६१ गेलेच. राज्याच्या कन्झ्युमर अफेअर्सकडे (ग्राहकांच्या तक्रारींचं खातं) तक्रार केलीय आणि स्मॉल क्लेम्समध्ये (छोट्या रकमांच्या दाव्यांचं कोर्ट) केस टाकलीय, तिथे ५००० पर्यंतचं चालतं आणि वकील लागत नाही, फॉर्म मीच भरला. स्क्रू पिशवीत ठेवलाय, लीकचे फोटो, इन्स्पेक्टरचा कागद, टाउनशिपकडून परमिट नसल्याचा ईमेल सगळं फाइलला लावलंय. कंपनीच्या पत्त्यावर पाठवलेली पहिली नोटीस परत आली, आता दुसऱ्या पत्त्यावर पाठवलीय, तारीख पुढच्या महिन्याची आहे.

आई सप्टेंबरमध्ये जळगावला परत गेल्या. रविवारी व्हिडिओ कॉल झाला की तब्येत, नातवाचा अभ्यास सगळं विचारून होतं, आणि मग हमखास, का गं, त्या विटांच्या भिंतीचं पुढे काय झालं?