रेकॉर्ड प्लेअर खारपाणपट्ट्यात: एक उन्हाळा, एक पावसाळा वापरल्यावर

ऑडिओ-टेक्निकाचा एटी-एलपी120एक्स, त्यावर आलेलं एटी-व्हीएम95ई कार्ट्रिज (सुई ज्यात बसते तो भाग), आणि ओळखीपाळखीतल्या लोकांनी पेटीतून, माळ्यावरून काढलेल्या रेकॉर्ड्स. एवढ्यावर दर्यापूर-मूर्तिजापूर भागात, म्हणजे पूर्णाकाठच्या खाऱ्या पाण्याच्या पट्ट्यात, आमचं ऐकणं चालतं. एकाच एलपीच्या दोन-तीन प्रती जमल्या की कोणतं प्रेसिंग, म्हणजे कोणत्या वेळची छपाई, सरस, यावर वाद ठरलेला. आता खात्रीने सांगता येईल ते असं की, इकडे प्रेसिंगमधला म्हणून जो फरक ऐकू येतो, त्यातला बराचसा पाण्याचा, धुळीचा आणि अर्थिंगचा असतो. तो आधी निस्तरावा लागतो.

मशीनबद्दल फार लिहिण्यासारखं नाही, कारण ते आपलं काम निमूट करतं. डायरेक्ट ड्राइव्ह असल्याने बेल्ट नाही, म्हणजे उन्हाळ्यात ताणून सैल होणारं रबर नाही. गती घड्याळातल्यासारख्या क्वार्ट्झ स्फटिकावर बांधलेली आहे. रात्री कृषीपंप सुरू झाले की व्होल्टेज पडतं, बल्ब पिवळा होतो, पण थाळीच्या कडेचे ठिपके जागचे हलत नाहीत (लुकलुकत्या दिव्यात ते स्थिर दिसले की गती बरोबर). मिनिटाला 33, 45 आणि 78 फेऱ्या अशा तिन्ही गती आहेत. आजोबांच्या काळातल्या लाखेच्या तबकड्या घरात असतील तर ही बाब मोठी. ऑटोमॅटिक मात्र नाही. बाजू संपली की सुई हातानेच उचलायची. लाईन गेली तर आधी अ‍ॅम्प्लिफायर बंद करा, मग सुई उचला. लाईन परत येताना बसणारा धक्का थेट स्पीकरवर जातो.

हम्म असा घुमणारा आवाज येत असेल तर कार्ट्रिजला दोष देण्याआधी टर्नटेबलची अर्थ वायर अ‍ॅम्प्लिफायरच्या जीएनडी स्क्रूला घट्ट आहे का ते पाहा. असूनही आवाज राहिला तर घराचं अर्थिंग पाहा. जुन्या घरांत तीन पिनांचं सॉकेट असतं, पण तिसऱ्या पिनेला मागे वायरच नसते. असली तरी आपली काळी माती एप्रिल-मेमध्ये भेगाळते आणि अर्थिंगच्या पट्टीपासून सुटते. खड्ड्यात दोन बादल्या पाणी ओतलं की घुमणं उतरतं. पावसाळाभर त्याची आठवणही येत नाही.

आता पाणी. पूर्णेच्या खोऱ्यातलं बोअरचं पाणी खारं, हे इथल्या माणसाला सांगायला नको. त्या पाण्याने रेकॉर्ड धुतली तर धूळ जाते, पण वाळल्यावर क्षार खाचेत बसतात आणि कडकड आधीपेक्षा वाढते. कॅनचं आरओ पाणी बरं, तरी शेवटच्या धुण्याला नको. परीक्षा सोपी आहे: स्टीलच्या स्वच्छ ताटलीवर एक थेंब टाकून उन्हात वाळवा. पांढरी कडा उमटली तर ते पाणी खाचेतही तेच करणार. बॅटरीवाल्याकडचं सीलबंद डिस्टिल्ड वॉटर घ्या, सुट्टं भरलेलं नको.

एलपीसाठी आमचं माप: 1 लिटर डिस्टिल्ड पाणी, 100 मिली आयसोप्रोपिल अल्कोहोल (मेडिकलमध्ये मिळतं), आणि बिनवासाच्या, बिनरंगाच्या भांड्यांच्या लिक्विडचे दोन-तीन थेंब. लेबलवर प्लास्टिकचं झाकण दाबून धरायचं, मऊ केसांच्या रुंद ब्रशने खाचेच्या दिशेने गोल फिरवायचं, आडवं घासायचं नाही. मग नुसत्या डिस्टिल्ड पाण्याने दोनदा धुवायचं. फेस राहिला तर तोच सुईवर चिकट लगदा होऊन बसतो. वाळवायला ताटं ठेवायचा स्टँड चालतो, पण सावलीत. विनाइल म्हणजे पीव्हीसी. मेमधल्या उन्हात ते पापडासारखं वळायला वेळ लागत नाही.

हेच मिश्रण 78 च्या तबकडीला लावू नका. ती लाखेची असते आणि लाख अल्कोहोलमध्ये विरघळते. तिला फक्त डिस्टिल्ड पाणी आणि थेंबभर लिक्विड, तेही पटकन, आणि लगेच पुसून कोरडी करायची.

धुळीचा त्रास हंगामाप्रमाणे बदलतो. वेचणीच्या दिवसांत कापसाचा तूस हवेत असतो. तो सुईभोवती गुंडाळला की आवाज एकदम दबका येतो आणि लोक म्हणतात, प्रेसिंग मंद आहे. बाजू लावण्याआधी सुई मागून पुढे, म्हणजे टोनआर्मच्या (सुई धरणाऱ्या दांड्याच्या) बुडापासून टोकाकडे, कोरड्या ब्रशने एकदा झाडा. उलट दिशेने झाडली तर कॅन्टिलिव्हर, म्हणजे सुई ज्यावर बसते ती बारीक काडी, वाकतो. तूर-हरभरा काढणीला भूस बारीक असतं, तेव्हा झाकण लावूनच वाजवा. थंडीत हवा कोरडी, स्टॅटिक (घर्षणाची वीज) इतकं की रेकॉर्ड उचलताना खालची मॅटही वर येते. उन्हाळ्यात कूलर सुरू झाला की स्टॅटिक जातं, पण कूलरचा झोत टर्नटेबलवर येऊ देऊ नका: त्यातही तेच खारं पाणी. शिवाय त्याच्या मोटरची थरथर फरशीतून सुईपर्यंत पोचते. कडप्प्याचा तुकडा आणि खाली जुन्या चपलेच्या रबराचे चार चौकोन, एवढ्यात ती बऱ्यापैकी थांबते.

सुईचा भार 2.0 ग्रॅम ठेवा. परवानगी 1.8 ते 2.2 ची आहे, पण 1.8 चा मोह नको. टोनआर्मच्या मागच्या वजनाच्या चकतीवरच्या आकड्यांवर विसंबू नका, सोनारकामाचा छोटा डिजिटल काटा वापरा. काट्याची ताटली लोखंडी असेल तर कार्ट्रिजचं चुंबक तिला ओढतं आणि वजन खोटं येतं. मध्ये लाकडाची किंवा प्लास्टिकची चकती ठेवून, रेकॉर्डच्या उंचीवर मोजा.

या कार्ट्रिजचा खरा फायदा सुया बदलण्यात आहे. हिरवी ई सुई लंबगोल, 0.3 बाय 0.7 मिल (मिल म्हणजे इंचाचा हजारावा भाग), आयुष्य सुमारे 300 तास. त्याच बॉडीत गोल टोकाची सी सुई बसते, ती सुमारे 500 तास. जुन्या घरगुती प्लेअरवर जड सुईखाली झिजलेल्या प्रतींना आमच्या कानाला सीच मानवते. ई त्यांतला प्रत्येक ओरखडा वाचून दाखवते. 78 ला 3 मिलची एसपी सुई लागते. एलपीची बारीक सुई त्या रुंद खाचेच्या तळाशी घासत जाते आणि नुसती खरखर वाचते. एसपीचा भार तिच्या पाकिटावर असतो, तोच लावायचा.

एवढं झालं की तुलनेला बसा. दोन्ही प्रती एकाच दिवशी, एकाच मिश्रणाने धुतलेल्या, सुई तीच. आवाजाची पातळी जुळवणं सगळ्यांत महत्त्वाचं. जी प्रत जरा मोठ्याने वाजते तीच कानाला चांगली वाटते, हे हटकून होतं. फोनवरच्या मीटरने स्पीकरसमोर एकाच जागी मोजून व्हॉल्यूम सारखा करा. रेकॉर्ड एकाने बदलायची, बाकीच्यांनी पाठ करून बसायचं. लेबल दिसलं की मत ठरलेलं असतं.

ऐकायचं काय? पहिलं गाणं नाही, शेवटचं. बाहेरच्या कडेला खाच सेकंदाला सुमारे 51 सेंटिमीटर धावते, लेबलपाशी जेमतेम 21. म्हणून ‘स’, ‘श’ फाटतात ते आतल्या गाण्यात. झीजही तिथेच आधी कळते. दुसरं, तानपुरा किंवा हार्मोनियमचा लांबलेला सूर. दर 1.8 सेकंदांनी तो हेलकावे खात असेल तर रेकॉर्डचं भोक मध्यावर नाही. टोनआर्म डावी-उजवीकडे झुलताना दिसेलही. हा दोष कोणत्याही कंपनीच्या, कोणत्याही काळातल्या प्रतीत निघू शकतो आणि धुऊन जात नाही.

क्रमांकही वाचा. एचएमव्हीच्या जुन्या एलपींवर ईसीएलपी आणि ईएएलपी म्हणजे मोनो, ईसीएसडी आणि ईएएसडी म्हणजे स्टिरिओ. पण मोनो ध्वनिमुद्रणातून नंतर बनवलेला नकली स्टिरिओही असतो. कव्हरवर बारीक अक्षरांत रीप्रोसेस्ड असं काही असेल तर मोनो प्रत शोधा. वसंतराव देशपांडे मूर्तिजापूरचे, त्यामुळे इकडे त्यांच्या रेकॉर्डवर जीव. असा जोरकस, खुला आवाज नकली स्टिरिओत पातळ होतो, असं आमचं स्पष्ट मत. मोनो प्रत वाजवताना अ‍ॅम्प्लिफायरला मोनो बटण असेल तर दाबा, खरखर बरीच कमी होते. लेबलवर सारेगामा असेल तर ती प्रत 2000 नंतरची, कारण एचएमव्हीच्या रेकॉर्ड काढणाऱ्या कंपनीचं नाव तेव्हा बदललं. नवीन म्हणून ती वाईट नसते. झीज शून्य, हा मोठा गुण.

लांबून मागवताना फक्त कव्हरच्या फोटोवर जाऊ नका. लेबल, त्याभोवतीच्या कोऱ्या पट्टीतला कोरलेला क्रमांक आणि बल्बखाली तिरपी धरलेली बाजू, असे तीन फोटो मागा. खाचांवर राखाडी झाक दिसली तर ती झीज आहे, मळ नाही. गीतरामायणाचा 10 एलपींचा संच कुणी देत असेल तर दहाही तबकड्यांची दोन्ही लेबलं पाहा. फुटलेल्याच्या जागी दुसऱ्या संचातली घातलेली असू शकते. आणि मार्च ते जूनमध्ये शक्यतो मागवूच नका. टिनाच्या गोदामात पडलेलं पार्सल वाकून येतं, आणि देणाऱ्याकडून ते सरळच निघालेलं असतं.