घड्याळांचे फोटो: मोबाईल, एक्स्टेंशन ट्यूब की मॅक्रो लेन्स?

घरात चार-सहा चांगली घड्याळं जमली की त्यांचे फोटो काढावेसे वाटतातच. बेळगाव, खानापूर, निपाणी, चिकोडी या आपल्या पट्ट्यात असे संग्रह बरेच आहेत. कुणी सैन्यातून निवृत्त झालेले, कुणी डॉक्टर, कुणी आखातात वर्षं काढून परतलेले. कुणाकडे तंबाखूच्या पेढीवर बसणाऱ्या आजोबांचं ओमेगा वारशानं आलेलं. त्याच पेटीत बहुधा एखादं एचएमटीही असतं, आणि असायलाच हवं. अशी माणसं भेटली की तोच प्रश्न येतो: मोबाईलवर भागेल का? कॅमेरा आहे, पण मॅक्रो म्हणजे अगदी जवळून टिपणाऱ्या लेन्सवर एवढा पैसा घालावा का?

माझं मत आधीच सांगतो. उजेड नीट जमेपर्यंत लेन्सवर पैसे घालू नका. उजेड जमला की मग आपल्याला पूर्ण घड्याळ दाखवायचंय की त्याचे बारकावे, एवढंच ठरवायचं. बाकीचा हिशेब तिथून आपोआप सुटतो.

मोबाईल

मोबाईलची अडचण मेगापिक्सेलची नाही, अंतराची आहे. मॅक्रो मोड लागला की बरेच फोन अल्ट्रावाइड कॅमेऱ्यावर जातात. २०२१ च्या आयफोन १३ प्रोमध्ये ही सोय आहे, आणि त्यात फोन घड्याळापासून अगदी २ सेंटिमीटरवर आणता येतो. पण इतक्या जवळून फोनची सावली डायलवर पडते, काचेत फोन स्वतःच दिसतो, आणि फोनच्या जवळची बाजू फुगते. वेळ लावायच्या किल्लीची बाजू जरा वर आली तर किल्ली सुपारीएवढी दिसते आणि पट्टा अडकवायचे लग्ज पसरतात. ज्या घड्याळाची अर्धी किंमत त्याच्या प्रमाणबद्धतेची आहे, त्याचा असा फोटो बघवत नाही.

उपाय साधा आहे. मॅक्रो मोड बंद करा, २एक्स किंवा ३एक्सवर जा, फोन हातभर मागे घ्या आणि नंतर फोटो कापा. केसचा, म्हणजे घड्याळाच्या बाहेरच्या कवचाचा आकार लगेच सरळ होतो. मनगटावरचा फोटो काढायचा असेल तर मोबाईलला तोड नाही, कारण एका हातात घड्याळ असताना दुसऱ्या हातानं जड कॅमेरा सावरणं त्रासाचं असतं. विम्यासाठी किंवा घरच्या नोंदीसाठी फोटो हवे असतील तरी मोबाईल पुरतो. कमी पडतो तो डायलचा पोत आणि काट्यांच्या कडा दाखवताना. तिथे फोनचं सॉफ्टवेअर कडा ओरबाडून काढल्यासारख्या तीक्ष्ण करतं आणि बारीक दाणा पुसून टाकतं.

मॅक्रो किती हवा, याचा हिशेब

फुल फ्रेम कॅमेऱ्याचा सेन्सर ३६ बाय २४ मिलिमीटरचा असतो. ४० मिलिमीटरचं घड्याळ त्यावर १:१ या प्रमाणात, म्हणजे जेवढ्यास तेवढं, मावतच नाही. १:२ वर गेलात तर समोरचा ७२ बाय ४८ मिलिमीटरचा भाग चौकटीत येतो, म्हणजे घड्याळ पूर्ण दिसून वर थोडी जागा उरते. त्याहून लहान एपीएस-सी सेन्सर असेल तर तिसऱ्या हिश्श्याच्या आसपासचं प्रमाणही पुरतं. थोडक्यात, पूर्ण घड्याळाच्या फोटोला खरा १:१ मॅक्रो लागत नाही. तरीही सगळे त्याच्याच मागे लागतात.

एक्स्टेंशन ट्यूब कामाला येते ती इथे. ही कॅमेरा आणि लेन्सच्या मधे बसवायची पोकळ नळी, तिच्यात काच नसते. ट्यूबची लांबी भागिले लेन्सची फोकल लेंग्थ (लेन्सवर लिहिलेला मिलिमीटरचा आकडा), एवढं प्रमाण वाढतं. तुमच्याकडे साधी ५० मिलिमीटरची लेन्स असेल आणि तिला २५ मिलिमीटरची ट्यूब लावली, तर अर्ध्या प्रमाणात पोहोचलात. लेन्सच्या मानानं ट्यूब अगदीच स्वस्त. घेताना विजेचे संपर्कबिंदू असलेलीच घ्या, नाहीतर आजच्या लेन्सचं अॅपर्चर, म्हणजे उजेड आत घेणारं भोक, कॅमेऱ्यातून बदलता येत नाही.

ट्यूबमध्ये उणं काय? लेन्स घड्याळाच्या बरीच जवळ न्यावी लागते, त्यामुळे उजेडाला वाट कमी मिळते. शिवाय साध्या लेन्स सपाट वस्तू जवळून टिपण्यासाठी बनवलेल्या नसतात. मधला लोगो धारदार आणि १२ व ६ चे आकडे मऊ, असं होतं. अॅपर्चर लहान करून एफ/८ वर आणलं की बरंच सावरतं.

मॅक्रो लेन्स लागते ती बारकाव्यांसाठी, आणि हे बारकावे अनुभवण्यासारखे असतात. ओमेगा स्पीडमास्टरच्या हेसालाइट (ॲक्रिलिक प्लास्टिकच्या) काचेच्या बरोबर मध्यभागी ओमेगाचं चिन्ह कोरलेलं असतं. नुसत्या डोळ्यांनी वर्षानुवर्षं वापरूनही ते लक्षात येत नाही. अलीकडच्या रोलेक्सच्या काचेत ६ च्या वर लेसरनं टिपलेला इवलासा मुकुट असतो. ग्रँड सेइकोच्या स्नोफ्लेक डायलवरचा भुरभुरीत बर्फासारखा पोत १:१ वर वेगळंच जग दाखवतो. पारदर्शक मागची बाजू असेल तर यंत्रावरचे जिनिव्हा पट्टे (शोभेच्या समांतर रेघा), लाल माणकं, स्क्रूंच्या तासलेल्या कडा हे सगळं त्यात आलं. हे ज्याला बघायचंय त्याला ट्यूब फार दिवस पुरणार नाही.

घेतलीत तर ९० ते १०५ मिलिमीटरमधली घ्या. १०० च्या आसपासच्या लेन्सवर १:१ ला घड्याळ आणि लेन्सचं टोक यांत चांगलं बारा-पंधरा सेंटिमीटर अंतर मिळतं. ३० मिलिमीटरच्या मॅक्रोवर तेच दोन-तीन सेंटिमीटर उरतं आणि लेन्सची सावली डायलवर बसते. स्वस्त म्हणून आखूड मॅक्रो घेणाऱ्यांना मी नेहमी थांबवतो. त्यापेक्षा जुनी टॅमरॉन ९० मिलिमीटर घ्या. मायक्रो-निक्कोर ५५ मिलिमीटर एफ/२.८ त्याहून आखूड आहे आणि ट्यूबशिवाय १:२ पर्यंतच जाते, पण पूर्ण घड्याळासाठी तेवढंच लागतं. ऑटोफोकस नसला तरी बिघडत नाही. घड्याळ ट्रायपॉडवरूनच टिपायचं असतं आणि फोकस हातानंच फिरवायचा असतो.

मॅक्रोची किंमत पैशांत संपत नाही, हेही लक्षात घ्या. फुल फ्रेमवर एफ/८ ला, १:२ प्रमाणात साधारण ३ मिलिमीटर खोलीच स्पष्ट येते, १:१ वर जेमतेम १ मिलिमीटर. घड्याळाची जाडी असते १० ते १३. अॅपर्चर एफ/१६ वर नेऊन हे सुटत नाही, कारण १:१ वर एफ/८ च प्रत्यक्षात एफ/१६ सारखं वागतं. त्याच्याही पुढे गेलात की सगळंच मऊ पडतं. म्हणून फोकस थोडा-थोडा सरकवत अनेक फोटो घ्यायचे आणि हेलिकॉन फोकससारख्या सॉफ्टवेअरमध्ये ते एकत्र करायचे. संगणकावर बसायची आवड नसेल तर मॅक्रो लेन्स कपाटात पडून राहील.

खिडकी की दिवे?

खरी निवड इथे आहे, म्हणून इथे जरा थांबतो.

उत्तरेच्या खिडकीचा उजेड स्थिर असतो असं पुस्तकात लिहितात. आपल्याकडे त्याला अपवाद आहे. बेळगाव १६ अंश अक्षांशाच्या जरा खाली येतं. त्यामुळे मेच्या पहिल्या आठवड्यापासून ऑगस्टच्या सुमारे १० तारखेपर्यंत दुपारचा सूर्य आपल्या डोक्यावरून उत्तरेला कललेला असतो. मे महिन्यात उत्तरेच्या खिडकीतही ऊन सांडतं. जूनपासून ढग असतात, मग प्रश्न उन्हाचा राहत नाही, उजेडाचाच राहतो. नोव्हेंबर ते फेब्रुवारी ही खिडकीची खरी वेळ. कोरडी हवा, स्वच्छ आभाळ, सकाळी दहानंतरचा शांत उजेड. टिळकवाडी-शहापूरकडच्या जुन्या घरांतली मोठी लाकडी खिडकी मिळाली तर नवशिक्यानं दुसरं काही शोधू नये. खिडकीवर ट्रेसिंग पेपर किंवा बटर पेपर लावायचा, समोरच्या बाजूला पांढरा पुठ्ठा उभा करायचा, झालं.

खिडकीत एक गोष्ट मात्र नाही, ती म्हणजे ताबा. निळ्या काट्यांचं उदाहरण घ्या. चांगल्या घड्याळाचे निळे काटे रंगवलेले नसतात. पोलाद साधारण ३०० अंशांपर्यंत तापवून त्यावर ऑक्साइडचा पातळ थर आणतात, त्याचा तो निळा. वरून सरळ बघितलं की हे काटे चक्क काळे दिसतात. पांढरा पुठ्ठा हातात धरून हळूहळू तिरका करत जा. काही होत नाही, काही होत नाही, आणि एका ठराविक कोनात तासकाटा मुळापासून टोकापर्यंत निळा पेटतो. पुठ्ठा बोटभर पुढे गेला की पुन्हा काळा. हा कोन सापडला की तो धरून ठेवता आला पाहिजे. दिव्यानं तो धरता येतो. खिडकीत तोवर ढग सरकलेला असतो.

सनबर्स्ट डायलचंही तसंच. मधून बाहेर जाणाऱ्या बारीक रेघांवर उजेडाचा पट्टा फिरतो ती त्याची शोभा. चारी बाजूंनी मऊ उजेड दिला की तो पट्टाच मरतो आणि डायल सपाट पत्र्यासारखा दिसतो. त्याला लहान, एका बाजूचा दिवा लागतो. याउलट पॉलिश केलेल्या बेझलला, म्हणजे काचेभोवतीच्या कड्याला, मोठा, मऊ पांढरा पृष्ठभाग लागतो, नाहीतर खोलीतलं कपाट, पंखा आणि तुमचा शर्ट सगळं त्यात उतरतं. एकाच घड्याळात हे दोन्ही असतं, म्हणून दोन लहान एलईडी पॅनल आणि मधे बटर पेपर ही जोडी मला सगळ्यात उपयोगी वाटते. दिवसभर दुकान किंवा दवाखाना सांभाळून रात्री नऊला मोकळं होणाऱ्यांना तर दुसरा मार्गच नाही.

दिवे घेताना सीआरआय (रंग किती खरे दिसतात त्याचा आकडा) ९५ च्या आसपास आहे का बघा, नाहीतर सोनं पितळेसारखं दिसतं. फोटो काढताना खोलीतली ट्यूबलाइट बंद करा. दोन रंगांचे उजेड मिसळले की पोलादावर एकीकडे पिवळट, एकीकडे निळसर डाग उठतात आणि ते नंतर निघत नाहीत. स्वस्त दिव्यांत पट्टे येत असतील तर शटर १/५० किंवा १/१०० ठेवून बघा. आपली वीज ५० हर्ट्झची आहे.

पोलरायझर फिल्टर घ्यावा का, हेही विचारलं जातं. तिरक्या कोनातून काचेवरची चमक तो छान कापतो. घड्याळावर अगदी सरळ वरून कॅमेरा रोखला असेल तर त्याचा काही उपयोग होत नाही, आणि धातूवरच्या चमकेवर तर कोणत्याच कोनात नाही. सरळ फोटोसाठी काळ्या पुठ्ठ्याला लेन्सएवढं भोक पाडून तो लेन्सभोवती लावा. काच जणू नाहीशी होते.

कुठल्याही मार्गानं गेलात तरी

धूळ. मॅक्रोमध्ये धुळीचा कण डायलवर पडलेल्या खड्याएवढा दिसतो. हवेचा रबरी पंप, मायक्रोफायबर कापड आणि घड्याळजी वापरतात ती रोडिको पुट्टी एवढं जवळ ठेवा. फोटो काढण्याआधीची दहा मिनिटं नंतरचा तास वाचवतात.

काटे १० वाजून १० मिनिटांवर ठेवले की लोगो मोकळा राहतो. किल्ली पूर्ण ओढली की बहुतेक घड्याळांत सेकंदकाटा थांबतो. जुन्या काही चावीच्या घड्याळांत थांबत नाही, तिथे शटर लांब ठेवू नका. रात्री ९ ते पहाटे ३ च्या दरम्यान काटे असताना तारीख घाईनं बदलू नका, दाते दुखावतात. आणि चुंबकावर चिकटणारे फोनस्टँड किंवा दिव्यांचे आर्म ऑटोमॅटिक घड्याळापासून लांब ठेवा. आतली बारीक हेअरस्प्रिंग चुंबकीत झाली की घड्याळ पुढे धावायला लागतं. मोबाईलनं फोटो काढणाऱ्यांनी हे विशेष जपावं, कारण अशा स्टँडचा मोह त्यांनाच जास्त होतो. घड्याळ उभं धरायला साधा ॲल्युमिनिअमचा ठोकळा उद्यमबागेतल्या एखाद्या वर्कशॉपमधून खाच पाडून घेता येतो, वर मखमल चिकटवली की झालं.

पावसाळ्यात मोबाईलची बाजू वरचढ होते. जून ते सप्टेंबर आपल्याकडची हवा लेन्सला बुरशी लावते, खानापूर-जांबोटीकडे तर जास्तच. कॅमेरा असेल तर हवाबंद डबा, सिलिका जेल आणि आत आर्द्रता मोजणारा लहान मीटर ठेवावाच लागतो, आकडा ४० ते ५० टक्क्यांत हवा. चामड्याचे पट्टेही असेच, पण वेगळ्या डब्यात ठेवा.

मग घ्यायचं काय?

कॅमेराच नसेल आणि नोंद, आठवण, नातेवाइकांना दाखवणं एवढाच हेतू असेल, तर मोबाईल, एक लहान पॅनल आणि बटर पेपर. फोटो बाहेर कुणाला पाठवताना लग्जच्या मधला किंवा बेझलच्या आतल्या कडेवरचा सिरियल नंबर झाका आणि फोटोतलं ठिकाण काढून टाका.

घरात जुना डीएसएलआर पडून असेल तर नवा मिररलेस घेण्याच्या भानगडीत पडू नका. ट्यूब घ्या आणि दोन पॅनल घ्या. संग्रह लहान असेल आणि पूर्ण घड्याळच दाखवायचं असेल, तर माझ्या मते हीच सगळ्यात शहाणी खरेदी.

यंत्राच्या पोटात डोकावायची ओढ असेल आणि संगणकावर बसायची तयारी असेल, तर वापरलेली ९० ते १०५ मिलिमीटरची मॅक्रो घ्या. कोल्हापूर, हुबळी किंवा पुण्यात, कुठेही मिळाली तरी हातात घेऊनच घ्या. अॅपर्चर पूर्ण उघडून एका बाजूनं मोबाईलचा टॉर्च मारा आणि दुसऱ्या बाजूनं तिरकं बघा. थोडी धूळ चालते. काचेच्या कडेला पांढरट तंतू पसरलेले दिसले तर ती बुरशी आहे, विकणाऱ्यानं किंमत कितीही उतरवली तरी परत द्या.