मांडवीच्या पाण्यातलं क्लोरोफिल: स्पेक्ट्रो की फ्लुओरोमीटर?

एमएस्सीच्या प्रकल्पासाठी गोव्यातल्या मांडवी नदीच्या पाण्यातलं क्लोरोफिल (सूक्ष्म शैवालांमधलं हिरवं द्रव्य) मोजायचं ठरलं की स्पेक्ट्रो घ्यावा की फ्लुओरोमीटर, हा प्रश्न येतोच. स्पेक्ट्रो, म्हणजे स्पेक्ट्रोफोटोमीटर, द्रावणाने किती प्रकाश शोषला ते मोजतो; फ्लुओरोमीटर द्रावणाने उलट सोडलेला प्रकाश मोजतो. दोन्ही यंत्रांवर मी पावसाळे काढलेत, त्यामुळे माझं मत अगदी तटस्थ नाही, हे आधीच सांगतो.

स्पेक्ट्रोचा मोठेपणा मला मान्य आहे. 664 नॅनोमीटर तरंगलांबीचा प्रकाश किती शोषला गेला त्याचं वाचन घ्यायचं, गढूळपणापोटी 750 चं वजा करायचं, ठरलेल्या गुणांकाने भागायचं, आकडा हातात. तळ्यातलं हिरवंगार पाणी असेल तर मीही डोळे मिटून स्पेक्ट्रोच घेईन.

मला नडला तो गाळणकागद, ज्याच्या चकतीवर आधी पाण्यातलं शैवाल जमवावं लागतं. आषाढात रायबंदरच्या फेरीधक्क्यावरून आणलेलं पाणी तांबड्या मातीने चहासारखं झालेलं असतं. 0.7 मायक्रॉनच्या चकतीवर ओतलं की पहिले 100 मिलिलिटर भराभर उतरतात. मग धार तुटते, थेंब होतात, आणि 200 गाठेपर्यंत चकती विटेच्या रंगाची होऊन बसते. पंप ओढत राहतो, खाली काही पडत नाही. जोर वाढवावा तर नाजूक पेशी फुटून त्यांतलं द्रव्य पाण्याबरोबर निघून जायची भीती. लिटरभर गाळायचं तर पाच चकत्या आणि अख्खी दुपार, तीही एका नमुन्याला.

बरं, 200 मिलिलिटरवरच भागवू म्हटलं तर हिशेब बघा. लिटरमागे 5 मायक्रोग्रॅम क्लोरोफिल धरलं, तर चकतीवर आलं 1 मायक्रोग्रॅम. ते 90 टक्के ॲसिटोनच्या 10 मिलिलिटरमध्ये उतरवलं (हाच अर्क) की 1 सेंटीमीटरच्या क्युव्हेटमध्ये, म्हणजे यंत्रातल्या पारदर्शक कुपीत, ॲब्सॉर्बन्स (प्रकाश शोषल्याचं माप) भरतो जेमतेम 0.009. म्हणजे शंभरातले दोन भाग प्रकाश कमी झाला, आणि तो फरक दोन जवळजवळ सारख्या आकड्यांच्या वजाबाकीतून काढायचा. क्युव्हेटवर बोटाचा ठसा राहिला तरी माझं वाचन त्याहून जास्त हलायचं.

फ्लुओरोमीटरमध्ये ही वजाबाकीच नाही. अर्कातल्या क्लोरोफिलच्या रेणूला 430 नॅनोमीटरच्या आसपासचा निळा प्रकाश द्यायचा. तो वरच्या पातळीवर चढतो, जादाची ऊर्जा क्षणार्धात उष्णतेत घालवून सर्वांत खालच्या उत्तेजित पातळीवर येतो, आणि तिथून काही नॅनोसेकंदांत 670 च्या आसपास तांबडा प्रकाश सोडतो. निळ्या-तांबड्यात एवढं अंतर असल्याने मातीच्या कणांवरून विखुरलेला निळा प्रकाश, डिटेक्टरपुढच्या फक्त तांबडा जाऊ देणाऱ्या फिल्टरवरच अडतो. काटकोनात बसलेल्या डिटेक्टरला जवळजवळ काळोखात तांबडं तेवढं दिसतं. हिरव्या अर्काच्या कुपीवर निळी टॉर्च धरून बघा, कोकमाच्या आगळासारखी लाल झाक कडेने उजळते. तेच 200 मिलिलिटर इथे पुरून उरतात.

एक जपायचं. अर्क दाट असेल तर तो निळा प्रकाश आत पोहोचूच देत नाही, शिवाय स्वतःचा तांबडाही गिळतो. आकडा वाढायच्या ऐवजी घटतो. मी प्रत्येक नमुना एकदा निम्मा पातळ करून पाहतो. वाचन निम्मं आलं तरच पुढे जातो.

मे महिन्यातल्या नितळ पाण्यावरच काम असेल, तर कदाचित तुम्हाला माझ्याइतका फरक जाणवणार नाही. जून ते सप्टेंबरचे नमुने असतील तर मात्र मी फ्लुओरोमीटरच्या रांगेत नाव लावीन. त्याला जुळवायला लागणाऱ्या प्रमाण द्रावणाची तीव्रता आजही मी स्पेक्ट्रोवरच ठरवतो.