पोलीस मुके, आग बोलकी: माझे तीन स्कॅनर

स्कॅनर म्हणजे पोलीस-अग्निशमनाचं रेडिओवरचं बोलणं ऐकवणारं यंत्र. पहिला मी वापरलेला घेतला. विकणाऱ्याने "डिजिटल आहे, सगळं ऐकू येतं" असं छातीठोकपणे सांगितलं आणि मी दोनशे डॉलर मोजून तो डबा घरी आणला. दोन रात्री जागून त्यात चॅनेल भरले. ऐकू काय आलं, तर पत्र्यावर वाळू ओतल्यासारखी खरखर. महिनाभराने कळलं की डबा पी-२५ ची, म्हणजे पोलीस-अग्निशमनाच्या डिजिटल रेडिओपद्धतीची, फक्त जुनी फेज-१ आवृत्ती समजणारा, आणि आमच्या कॅलिफोर्नियातल्या सांता क्लारा काउंटीची (म्हणजे जिल्ह्याची) यंत्रणा नव्या फेज-२ ची. मराठी येतं म्हणणाऱ्याला मालवणी भांडण कळेलच असं नाही, तसलाच प्रकार.

हा उद्योग कशाला, तर ऑगस्ट २०२० मुळे. कोरड्या विजा पडून सांताक्रूझच्या डोंगरांत वणवे लागले, ते पुढे एकत्र होऊन ८६ हजार एकरांवर पसरले. बिग बेसिन उद्यानातली रेडवुडची झाडं होरपळली. माझी एक मैत्रीण तिथल्या स्कॉट्स व्हॅली गावाहून दोन मांजरं आणि एक फाइल घेऊन आमच्याकडे राहायला आली. ती रात्रभर फोनवर नकाशा ताजा करत बसायची, आणि नकाशा मात्र तासन्‌तास तोच. मी सांगलीची. लहानपणी पुरात वडील आकाशवाणी सांगली लावून बसायचे: कोयनेतून किती क्युसेक सोडलं, आयर्विन पुलाशी पाणी किती फूट. ४० झालं की सामान वर चढवायचं, ४५ म्हणजे धोका. २०१९ ला ते ५७ च्या वर गेलं, तेव्हा मी इथे बसून भावाला फोन लावत होते. संकट कुठवर आलंय हे कुणीतरी कानात सांगत असलं की माणूस निदान बसून राहत नाही.

तर दुसरा स्कॅनर: युनिडेन कंपनीचा एसडीएस१००, हातात धरायचा, नवा, सातशे डॉलरच्या आसपास. नवऱ्याने किंमत ऐकून "यात सोन्याची अँटेना आहे का?" असं विचारलं. तशी नाही, पैसे जातात ते आतल्या रिसीव्हरचे. आमच्या काउंटीत एकच बोलणं अनेक मनोरे एकाच वेळी, एकाच फ्रिक्वेन्सीवर सोडतात. पोलीस-अग्निशमनाच्या रेडिओंना याने बरं पडतं, साध्या स्कॅनरला मात्र तेच बोलणं वेगवेगळ्या मनोऱ्यांवरून किंचित मागेपुढे पोचतं. गणपतीत गल्लीच्या दोन टोकांना दोन कर्णे लावले की मधल्या घरात आरतीचा एक शब्द कळत नाही, तसं. एसडीएस१०० येणारी लहर जशीच्या तशी नोंदवून मग सॉफ्टवेअरने निवडतो, म्हणून ही गल्लत पुष्कळ सुटते. माझ्या पहिल्या डब्यात नुसती वाळू वाजायची त्याच खिडकीत याने पहिल्या संध्याकाळी स्वच्छ वाक्यं ऐकवली.

वापरायला तो वाटतो तितका अवघड नाही. झिप कोड (इथला पिन कोड) टाकायचा, की आसपासच्या यंत्रणा त्यातल्या माहितीसाठ्यातून आपोआप येतात. चॅनेल एकेक भरायची गरज नाही, आणि इथे एकेक भरून भागतही नाही. कारण बोलणाऱ्यांना ठरावीक चॅनेलच नसतं. बँकेतल्या टोकनसारखं आहे: ज्याला बोलायचं त्याला त्या क्षणी रिकामी असलेली खिडकी मिळते, आणि स्कॅनरने टोकनाच्या फलकावर नजर ठेवून मागे पळायचं. फेज-२ मध्ये तर एका खिडकीत दोन जण आळीपाळीने बसतात.

पहिल्या दिवशी मात्र सेवांचे प्रकार निवडायला विसरू नका. मी विसरले आणि तासभर शाळेच्या बसचे ड्रायव्हर ऐकले. अग्निशमन आणि आपत्कालीन तेवढं चालू ठेवा, बाकी बंद. नको ते चॅनेल वगळणाऱ्या 'अव्हॉइड'च्या बटणाशी लवकर मैत्री करा. मागचं बोलणं पुन्हा ऐकवणारी सोय माझ्यासारखीला फार उपयोगाची. इथली माणसं रेडिओवर निम्मे शब्द गिळतात. माहितीसाठा ताजा करायचं सॉफ्टवेअर फक्त विंडोजवर चालतं. आमच्या घरात विंडोज म्हणजे लेकाचा गेमिंगचा संगणक, त्यामुळे दर वेळी परवानगी काढावी लागते. बॅटरी कामाचा एक दिवस कशीबशी काढते, आणि यंत्र हातात कोमट होतं.

आता या सातशे डॉलरमधली ग्यानबाची मेख. आमच्या शहराच्या पोलिसांचं बोलणं सांकेतिक केलेलं आहे. स्कॅनर कितीही महाग असो, कानावर शून्य. ऑक्टोबर २०२० मध्ये कॅलिफोर्नियाच्या न्याय खात्याने लोकांची खासगी माहिती हवेत उघडी जाऊ नये असं कळवल्यावर बऱ्याच शहरांनी सरसकट कुलूप लावलं. शेजारच्या पालो आल्टोने २०२१ मध्ये लावलं आणि २०२२ मध्ये परत काढलं, म्हणजे करता येतं, हेही कळलं. कुणाची जन्मतारीख, लायसन्सचा नंबर मला ऐकायचा नाहीच. पण रस्ता का बंद केलाय हे ऐकू यायला काय हरकत होती?

आणि मग गेल्या उन्हाळ्यात एका दुपारी उमनमच्या डोंगरामागे धूर दिसला. त्या डोंगरावरचा जुना लष्करी रडारचा चौकोनी काँक्रीट मनोरा आमच्या स्वयंपाकघरातून दिसतो. धूर त्याच्या डावीकडे. मी एसडीएस१०० घेऊन ओट्याशी उभी. सगळं महत्त्वाचं बोलणं येत होतं ते कॅल फायरचं, म्हणजे राज्याच्या वणवा विझवणाऱ्यांचं. ते अजूनही मुख्यतः साध्या अॅनालॉग रेडिओवर, व्हीएचएफ नावाच्या पट्ट्यात, १५१ मेगाहर्ट्झच्या आसपास बोलतात. डोंगरदऱ्यांत ती लहर बरी पोचते, आणि बाहेरच्या विभागातून मदतीला आलेली गाडीही त्याच रेडिओवर लगेच बोलू शकते. किती एकर, वाऱ्याची दिशा, किती वेगाने पसरतेय, घरांना धोका आहे का, सगळं उघडं. वरून घिरट्या घालणारं विमान खालच्यांना वाट दाखवत होतं. चाळीस मिनिटांनी कुणीतरी शांतपणे सांगितलं की आगीची पुढची चाल थांबली. फोनवर तेव्हा कुठे पहिली सूचना आली.

म्हणजे फेज-२ साठी सातशे मोजले, आणि कामाला आला तो त्यातला अॅनालॉग भाग. तो भाग एकटा मला सव्वाशेच्या आत मिळाला.

म्हणून तिसरा: युनिडेनचाच बीसी१२५एटी. ५०० चॅनेल, दोन पेन्सिल सेल, व्हीएचएफ आणि विमानांचा पट्टा दोन्ही, शिवाय हवामान खात्याचं १६२ मेगाहर्ट्झवरचं प्रसारण. डिजिटल काही नाही, ८०० मेगाहर्ट्झचा पट्टा नाही, झिप कोड नाही. चॅनेल हातानेच भरायचे. यूएसबी लावून संगणकावरून भरा, नाहीतर बटणं दाबून अंगठा दुखतो. वाऱ्याच्या दिवसांत वीज कंपनी तारा पडून आग लागू नये म्हणून पुरवठाच बंद करते, तेव्हा सेल बदलले की हा पुन्हा सुरू. माझ्या पळून जायच्या पिशवीत हाच आहे, चार जादा सेल रबरबँडने बांधून.

पैसे घालायचेच नसतील तर वणव्यांची खबर देणारं वॉच ड्यूटी हे अॅप घ्या. २०२१ पासून चालू आहे, आणि त्यामागे स्वयंसेवक दिवसरात्र स्कॅनरच ऐकत बसलेले असतात. पण अॅपला नेटवर्क लागतं. संगणकात रमणाऱ्यांनी तीस-चाळीस डॉलरचा यूएसबी रिसीव्हर आणि फुकटचं सॉफ्टवेअर घेऊन बघावं. फेज-२ सुद्धा ऐकता येतं. माझ्या लेकाने एका रविवारी जमवलं, आणि पुढच्या रविवारी अपडेट करून मोडलं.

मैत्रिणी विचारतात कुठला घेऊ. मी आधी झिप कोड विचारते. मग तिथली अग्निशमन कशावर बोलते, पोलीस कुलपात आहेत का, हे रेडिओरेफरन्स या संकेतस्थळाच्या माहितीसाठ्यात बघायचं; पाकीट नंतर काढायचं. न्यू यॉर्कवाल्यांनी आणखी एक बघावं: तिथे पोलिसांच्या फ्रिक्वेन्सी पकडणारा स्कॅनर गाडीत ठेवायला परवाना लागतो. आणि कुणीही तो सुट्टीत पुण्याला किंवा सांगलीला नेऊ नका. आपल्याकडे विनापरवाना बिनतारी यंत्र बाळगणं १९३३ च्या कायद्यापासून गुन्हा आहे; विमानतळावर कस्टमवाल्याला 'फक्त ऐकते हो' सांगून पटणार नाही.

तो पहिला डबा अजून गॅरेजमध्ये आहे. फेज-१ वाल्या काउंटीत कुणी राहत असेल तर येऊन फुकट घेऊन जा. अँटेना मात्र मिळणार नाही, ती मी तिसऱ्याला लावलीय.