आयोडीन-१२३ की टेक्नेशियम-९९एम?

थायरॉइडचं स्कॅन करायला यांपैकी कोणतं किरणोत्सारी द्रव्य वापरायचं? थायरॉइडच्या पेशीवर आयोडाइड (आयोडीनचं विद्युतभारित रूप) आत ओढणारं एक प्रथिन असतं, सोडियम-आयोडाइड सिम्पोर्टर. दोन सोडियम आयनांसोबत ते एक आयोडाइड आत घेतं. गंमत म्हणजे परटेक्नेटेटलाही (टेक्नेशियमचं टोचायचं रूप) ते आयोडाइड समजूनच आत सोडतं, कारण दोघांचा आकार आणि विद्युतभार जवळपास सारखाच. म्हणून तर हा प्रश्न पडतो.

सोय बघाल तर टेक्नेशियम. मॉलिब्डेनमच्या जनरेटरमधून (किरणोत्सारी मॉलिब्डेनमपासून टेक्नेशियम बनत राहतं असं उपकरण) ते रोज ताजं काढता येतं, अर्धायुष्य ६ तास, शिरेत टोचलं की वीसेक मिनिटांत फुलपाखरासारखी ग्रंथी पडद्यावर उमटते. वरच्या बाजूला लाळग्रंथीही चमकतात, कारण हेच प्रथिन तिथेही असतं. आयोडीन-१२३ सायक्लोट्रॉन या कण वेगवान करणाऱ्या यंत्रात बनतं, महाग पडतं, अर्धायुष्य सुमारे १३ तास. पोटातून द्यायचं आणि बहुतेकदा रुग्णाला दुसऱ्या दिवशी पुन्हा बोलवायचं.

पण खरी गोष्ट आत शिरल्यानंतरची आहे. आयोडीन थायरोग्लोब्युलिनला, म्हणजे ज्यावर थायरॉइडचं संप्रेरक बनतं त्या प्रथिनाला, बांधलं जातं आणि टिकतं. परटेक्नेटेट बांधलं न जाता परत झिरपून जातं. म्हणजे टेक्नेशियम फक्त आत ओढण्याची ताकद दाखवतं, तर आयोडीन पुढचं कामही दाखवतं. एखादी गाठ टेक्नेशियममध्ये ठळक दिसते आणि आयोडीनमध्ये रिकामी. अशा गाठीत क्वचित कर्करोगही निघतो, तिला निर्धोक म्हणून सोडून देणं मला पटत नाही.

ग्रंथी अतिसक्रिय आहे की तिला सूज आहे, एवढंच पाहायचं असेल तर टेक्नेशियम पुरतं. गाठीबद्दल शंका असेल, किंवा गलगंड छातीच्या हाडामागे उतरला असेल, तर मी आयोडीनच मागेन.