मोटेचं जलरंगचित्र : घ्यावं, पण सोंडेचा दोर नीट पाहून

मोटेची, म्हणजे बैलांच्या जोरावर विहिरीतून पाणी उपसणाऱ्या चामडी पिशवीची, चित्रं बाजारात पुष्कळ मिळतात. त्यातल्या अनेकांत बैल भरलेली मोट ओढत चढ चढताना दिसतात. हे साफ चूक आहे. धाव, म्हणजे बैलांची चालण्याची वाट, विहिरीपासून उतरत गेलेली असते. बैल उताराला लागले की त्यांचं वजनही ओढीला मिळतं आणि मोट वर येते. चढावर ते मागच्या पावलांनी परततात, तेव्हा मोट रिकामी असते. या चित्रातले बैल खाली निघालेत, माना झुकलेल्या, आणि मोटकरी नाड्यावर, म्हणजे मोट ओढणाऱ्या जाड दोरावर, बसलाय. त्याच्या भाराने नाडा जिथे किंचित दबलाय, तो बाक एकाच फटकाऱ्यात उतरलाय. पैसे तिथेच वसूल होतात.

आकार १५ बाय २२ इंच, कागद ३०० जीएसएमचा (चौरस मीटरला ३०० ग्रॅम), सुती, खरखरीत. थारोळ्यात, म्हणजे मोट रिती होते त्या कुंडीत, सांडलेल्या आधीच्या पाण्याची चमक पांढरा रंग फासून आणलेली नाही, कोरा कागद राखलाय. भिजलेलं चामडं काळपट, वरची कोरडी कड तांबूस. हा फरक बघणाऱ्यालाच सुचतो.

चूक एकच, पण मोठी. मोट अजून विहिरीत आहे आणि सोंडेचा, म्हणजे मोटेच्या खालच्या चामडी नळीचा, बारीक दोर सैल लोंबतोय. प्रत्यक्षात हा दोरही जुवालाच बांधलेला असतो आणि नाड्याइतकाच ताणलेला राहतो. त्यामुळे सोंड मोटेच्या तोंडापर्यंत वर दुमडलेली राहते. दोर सैल पडला तर सोंड खाली लोंबेल आणि सगळं पाणी विहिरीतच परत जाईल. वर आल्यावर नाडा मोटेला वरच्या चाकाकडे उचलतो, बारीक दोर सोंडेला खालच्या रुळावरून थारोळ्यात ओढतो, आणि मोट आपोआप रिती होते. विजेचे पंप आल्यावर हे डोळ्यांसमोरून गेलं, म्हणून तर चित्रात ते अचूक हवं. साताऱ्याजवळ लिंबला बारामोटेची विहीर आजही उभी आहे. मोटांच्या जागा तिथे काठावर उभं राहून पाहता येतात.

घेण्याआधी मोटकऱ्याच्या पटक्याचा लाल रंग कोणता, हे विचारा. अ‍ॅलिझरिन क्रिम्झन असेल तर उन्हात तो विटतो. क्विनॅक्रिडोनचा लाल बराच टिकतो.

चित्र नळीत गुंडाळून येतं. उलटं गुंडाळून सरळ करू नका, इस्त्री तर नकोच. मागच्या बाजूने पाण्याचा अगदी हलका फवारा मारा, दोन टीपकागदांमध्ये ठेवा आणि वर सपाट वजन दोन दिवस राहू द्या. फ्रेम करताना आम्लरहित माउंट घ्या, काच कागदाला टेकता कामा नये. पावसाळ्यात ओल धरणारी भिंत टाळा. बुरशीचे तपकिरी ठिपके कागदात उतरले की सहसा निघत नाहीत.