सायटिकासाठी कायरोप्रॅक्टिक : काही महिन्यांच्या उपचारानंतरचा अनुभव

सायटिका म्हणजे कंबरेतली नस दबून पायात उतरणारी कळ. तिच्यावर कायरोप्रॅक्टिकचा, म्हणजे हाताने मणके-सांधे हलवून केलेल्या उपचाराचा, उपयोग होतो, पण उपचाराच्या टेबलावर निघणाऱ्या ‘कट्ट’ आवाजावर जाऊ नका. तो आवाज सांध्यातल्या द्रवातल्या वायूचा असतो, सरकलेलं हाड जागेवर बसल्याचा नव्हे. आवाज न येताही गुण येतो.

आधी नस कुठे दबलीय ते कळायला हवं. दोन मणक्यांमधली गादी बहुतेक वेळा एल-फोर-एल-फाइव्ह (कंबरेचा चौथा-पाचवा मणका) किंवा एल-फाइव्ह-एस-वन (पाचवा मणका आणि त्याखालचं त्रिकास्थी) याच जागी सरकते. एल-फाइव्हच्या नसेचं मूळ दबलं तर कळ पोटरीच्या बाहेरच्या बाजूने पावलावर उतरते आणि अंगठा वर उचलायला जोर राहत नाही. एस-वन असेल तर टाच आणि करंगळीकडची कड बधिर होते, चवड्यावर उभं राहवत नाही. हे तपासल्याशिवाय आणि उताणं झोपवून पाय सरळ उचलून पाहिल्याशिवाय जो थेट मान मोडायला घेतो, तिथून सरळ उठून यावं. पायात उतरणाऱ्या कळेसाठी मान फिरवायचं काही कारणच नाही.

खरा आराम मिळाला तो दुभागलेल्या टेबलाने. पालथं झोपवतात, घोटे पट्ट्याने बांधतात. उपचार करणारा एक तळहात कंबरेच्या मणक्यावर ठेवतो आणि टेबलाचा खालचा भाग हळूच खाली दाबतो. चार-चार सेकंदांचे पाच ताण, मग थोडा विसावा, असे तीन फेरे. झटका अजिबात नाही. ताण देताना कळ पायात उतरली तर लगेच सांगायचं, तिथेच थांबायला हवं.

गुण मोजायचा तो कळ कुठवर उतरते यावरून. पावलातली कळ गुडघ्यापर्यंत, मग कुल्ल्यापर्यंत मागे सरकली, तर कंबर आधीपेक्षा जास्त दुखली तरी गाडी बरोबर रस्त्यावर आहे. उलट कंबर मोकळी झाली आणि बोटांना मुंग्या वाढल्या, तर उपचार चुकतोय.

आपल्या मराठवाड्यात अडचण होते ती परतीच्या प्रवासाची. जालन्याहून संभाजीनगर साठेक किलोमीटर. सेशन संपल्यावर तेवढं मोटारसायकलवर खड्ड्यांतून आलं की केलेलं सगळं पाण्यात. मुक्काम करावा, नाहीतर वाटेत उतरून चार पावलं चालावं. सोयाबीनची कापणी, कापसाची वेचणी वाकूनच होते, त्या दिवसांत उपचाराचा गुण टिकत नाही. शक्य असेल तर ते काम दुसऱ्यावर सोपवा. पोतं उचलायचं तर अंगाशी धरून, आणि उचलताना कंबरेतून वळायचं नाही.

घरी पालथं झोपून कोपरांवर छाती उचलायची. त्याने कळ वर सरकत असेल तर हात सरळ करून दहा वेळा, दिवसातून तीन-चारदा. पायाची बोटं धरण्याचा व्यायाम मात्र कळ ताजी असताना करू नका. ओढल्याने नस आणखी चिडते.

पायाळू माणसाची लाथ उसणीला चालते म्हणतात. सरकलेल्या गादीवर ती कुणाकडूनही खाऊ नका. हाडं ठिसूळ असतील, कॅन्सर झालेला असेल किंवा दुखण्यासोबत ताप असेल, तर कायरोप्रॅक्टरचा झटकाही नको.

बहुतेकांचं दुखणं सहा ते बारा आठवड्यांत बरंच उतरतं. त्यामुळे वर्षभराचं पॅकेज आधीच गळ्यात मारणाऱ्याला पैसे देऊ नका. चार आठवड्यांत कळ जागची हलली नाही तर मणक्याच्या डॉक्टरांना दाखवा, एमआरआय लागेल का तेच ठरवतील. लघवी अडली, शौचावरचा ताबा गेला, बसायची जागा बधिर झाली किंवा पाऊल लटकं पडलं, तर सकाळची वाट पाहू नका. रात्रीच घाटीत (संभाजीनगरच्या सरकारी रुग्णालयात) किंवा जवळच्या मोठ्या दवाखान्यात पोहोचा. दाबलेली नस लवकर मोकळी केली नाही तर लघवीचा ताबा कायमचा जाऊ शकतो.